बारीक झालात, सर

"माझं राहू द्या."

हे म्हणताना सरांचा उजवा तळवा छातीसमोर यायचा. चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा, फक्त फार हळू. चहा घेता का? माझं राहू द्या. फोटोला पुढच्या रांगेत या ना. माझं राहू द्या, मुलांना पुढे घ्या. बरं नाही का? माझं राहू द्या, तुमचा खोकला काय म्हणतो? असा माणूस तुमच्याही ऑफिसात किंवा सोसायटीत असेल. आपण त्याला संकोची म्हणतो आणि आपला चहा घेतो.

हडपसरला मी ज्या शाळेत चित्रकला शिकवते, तिथे सर पी.टी. शिकवायचे. स्टाफरूममध्ये पंख्याची हवा पोचत नाही अशा कोपऱ्यात आमची टेबलं शेजारी होती. परीक्षा जवळ आली की ज्या विषयांचे तास गणिताला देऊन टाकतात, त्या विषयांच्या शिक्षकांना तो कोपरा मिळतो.

"तुमचा आजचा तास गेला का, बाई?" सर विचारायचे.

"गेला. तुमचा?"

"माझं राहू द्या. माझा आठवडा गेला."

सर नागपूरकडचे. वहिनी पोस्टात नोकरीला. त्यांची बदली पुण्याला झाली म्हणून दोघं इकडे आले आणि सर आमच्या शाळेत लागले. बोलणं शुद्ध, जपून. पण मनातून काही हललं की त्यांचं 'करून राहिलो', 'म्हणून राहिलो' बाहेर यायचं, आणि आलं की ते स्वतःच जरा ओशाळायचे. चारचौघांत जाताना कपडा स्वच्छ आणि मान वर असली पाहिजे, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. त्यामुळे मैदानावर दिवसभर धूळ खाणारा हा माणूस संध्याकाळी घरी निघताना पहिल्या तासाइतकाच इस्त्रीचा दिसायचा.

ते आले तेव्हा सडपातळ होते. दोरावर चढायचे ते पाय न लावता. मुलांच्या रांगेतून फिरताना "पाठ ताठ, नजर समोर" असं पुटपुटत जायचे आणि रांग आपोआप सरळ होत जायची. एकदा पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनासाठी आलेले पाहुणे खांदे पाडून उभे होते. सर शेजारून जाता जाता सवयीनं म्हणाले, "खांदे मागे." पाहुण्यांनी घेतले. सर चार पावलं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाला बोललो. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांचे कान लाल होते. पाहुण्यांनी मात्र कार्यक्रम संपेपर्यंत खांदे खाली येऊ दिले नाहीत.

मग सर बदलायला लागले.

चित्र काढणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जातेच. सरांचे गाल भरले. मग इतके भरले की समोरून पाहिलं तर कान दिसेनात. चेहऱ्याला एक तांबूस तकाकी आली. मानेच्या मागे उंचवटा आला, पोट सुटलं. चमत्कारिक गोष्ट ही की हातपाय मात्र बारीक होत चालले होते. कोणी चित्रात असं शरीर काढून आणलं असतं तर मी "प्रमाण चुकलंय" असा शेरा मारला असता.

लोकांनी शेरे मारलेच. आमचे गणिताचे सर बोलण्यात तिखट. ते एकदा म्हणाले, "सर, आपलं 'सावधान' संपलं वाटतं. आता कायमचं 'विश्राम' का?" सगळे हसले. सरही हसले. मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यात अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी असायची, ती मी शेजारी बसून रोज पाहत होते. काही दिवसांनी ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. नंतर डबा उघडेनासेच झाले. मुलं त्यांना 'फुगा' म्हणायची. हेही त्यांना माहीत होतं.

याहून वाईट एक गोष्ट होती. चेहरा लाल, जिना चढताना पाय लटपटतात, कुठेही जरा आपटलं की हातावर काळानिळा डाग. लोकांनी दोन आणि दोन मिळवले. "सकाळचीच असते वाटतं," असं कोणीतरी जिन्यात म्हणालं आणि ते सरांपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, एक विचारू? माझ्या तोंडाला वास येतो का?"

"कसला?"

"कसलाही."

मी नाही म्हटलं. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात थेंब नाही आला, बाई. आम्ही पंचशील नुसतं म्हणत नाही, पाळतो. माझ्या बापाला हे कळलं असतं तर?" वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी सर जणू त्यांच्यासमोरच मान खाली घालून उभे होते.

एका दुपारी चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीतून मी मैदानाकडे पाहत होते. सर आठवीला बैठका दाखवत होते. खाली बसले आणि उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. समोर सगळा वर्ग. मग त्यांनी जमिनीवरच्या फक्कीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ती नीट मारली आहे का ते पाहत असल्यासारखं करत तसेच बसून राहिले. मुलांना त्यांनी मैदानाला फेरी मारायला पाठवलं. सगळी मुलं पाठमोरी झाल्यावर ते दोन्ही हात टेकून, आधी गुडघ्यांवर येऊन, कसेबसे उठले. उठल्यावर पहिलं काय केलं असेल, तर पँटचे गुडघे झटकले. मी खिडकीतून बाजूला झाले. मी पाहिलं हे त्यांना कळू नये असं वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी सर मोठ्या रजेवर गेले. 'घरगुती कारण' असं कळलं. परत आले तेव्हा थोडे उतरलेले वाटले, पण दिवाळीनंतर चेहरा पुन्हा तसाच भरला. काय झालं होतं ते मला कळलं ते अचानक, बुधवार पेठेत.

मी रंगीत कागद घ्यायला गेले होते. एका औषधाच्या दुकानातून सर बाहेर पडताना दिसले. मला पाहून त्यांनी हातातली पिशवी पाठीमागे नेली. लहान मूल नेतं तशीच.

"इतक्या लांब औषधाला?" मी विचारलं. "शाळेसमोर मेडिकल आहे की."

त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाले, "चहा घेऊ या का?" सर आपणहून चहा घेऊ या म्हणाले, तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून त्यांनी सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, टोपीसारख्या. शरीराला ताण झेलायला लागतं ते द्रव्य त्या बनवतात. सरांच्या मेंदूखालच्या एका ग्रंथीत वाटाण्याहून लहान गाठ झाली होती आणि ती या दोघींना सारखं 'बनवा, बनवा' असा हुकूम सोडत होती. चेहरा, पोट, मांड्यांतली ताकद, सगळं त्यापायी. पोटावरचे जांभळे पट्टे पाहून एका डॉक्टरांनी ओळखलं. नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली. ती पुन्हा उगवली. आता त्या दोन ग्रंथींना आवर घालणाऱ्या गोळ्या सुरू होत्या.

"मग यात लपवण्यासारखं काय आहे, सर?"

ते टेबलाकडे पाहत म्हणाले, "गोळी मूळची नायट्याची आहे, बाई. बुरशी मारायची. या ग्रंथींनाही ती दाबते, म्हणून मला देतात. शाळेसमोरच्या मेडिकलवाल्याला काय माहीत? त्यानं दुकानातून ओरडून विचारलं, 'नायट्याच्या गोळ्या कोणाच्या?' मागे दोन पालक उभे होते. आधी जाडा, मग दारुडा. आता खाजरा पण."

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"शाळेत सांगून टाका," मी म्हटलं. "निदान मोठ्या बाईंना." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"माझं राहू द्या," सर म्हणाले. तळवा छातीसमोर आला.

गोळ्या कोणत्या, कशासाठी, हे त्यांनी मला सांगितलं. पण त्यातलं धोक्याचं अर्धं सांगितलं नाही. ते मला नंतर वहिनींकडून कळलं. या गोळीनं ग्रंथींना आवरायचं असतं, झोपवायचं नसतं. औषध जास्त झालं तर शरीरातलं ते द्रव्य इतकं उतरतं की माणूस खचतो. भूक जाते, मळमळतं, उभं राहिलं की अंधारी येते, वजन भराभर उतरतं. असं काही झालं की वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. ताप किंवा उलट्या-जुलाब झाले तर ही गोळी थांबवायची आणि ते द्रव्य भरून काढणारी, हाताशी दिलेली दुसरी गोळी घ्यायची. तीही पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन. लिव्हरसाठी रक्त तपासत राहायचं. ॲसिडिटीची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आजाराची चिठ्ठी कायम पाकिटात ठेवायची, आणि जिथे दिवस जातो तिथल्या माणसांना हे सगळं सांगून ठेवायचं. डॉक्टरांनी हे दोघांना समोर बसवून समजावलं होतं. वहिनी इंजेक्शन द्यायलाही शिकल्या होत्या. सरांनी मान डोलावली होती आणि घरी आल्यावर चिठ्ठी कपाटात ठेवली होती. पाकीट कुठे उघडं पडलं आणि कोणी ती वाचली तर?

गोळी लागू पडली. पहिले काही महिने खरंच छान गेले. चेहरा उतरला, कान दिसायला लागले. सर जिना न थांबता चढायला लागले. आणि मग शाळेत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं, "बारीक झालात, सर." इंग्रजीच्या बाईंनी त्यांना डाएट विचारलं. मोठ्या बाई सभेत म्हणाल्या, "सरांकडून शिका जरा." गणिताचे सर म्हणाले, "काय खाता, आम्हालाही कळू द्या." या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांचं स्वतःचंही पोट सुटायला लागलं होतं.

"संध्याकाळी चालतो," सर सांगायचे. इतक्या वर्षांत सरांना कोणी काही विचारल्यावर त्यांचा तळवा छातीपाशी न येण्याचा तेवढाच काळ मी पाहिला. त्यांनी पँटी आत घेऊन आणल्या. शाळेच्या वार्षिक फोटोत ते पहिल्या रांगेत बसले, पाठ ताठ, नजर समोर. मी म्हटलं, "सर, आता तुमचं चित्र काढायला हरकत नाही." ते लाजले आणि खूश झाले.

वजन उतरतच राहिलं. पँटी पुन्हा आत घ्यायला लागल्या. गालफडं बसली. मैदानावर ते शिट्टी वाजवून झेंड्याच्या खांबाला धरून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, सर आता रुबाबात उभे राहतात.

क्रीडा महोत्सव जानेवारीत होता. सकाळी मैदानावर पाहिलं तर सरांचा चेहरा राखेसारखा. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" नेहमीचंच उत्तर मिळालं. रात्रीपासून त्यांना उलट्या आणि जुलाब होत होते, हे वहिनींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. वहिनी पहाटे म्हणाल्या होत्या, आज नका जाऊ, डॉक्टरांना फोन करते. सर म्हणाले, संचलन झालं की येतो. आणि नेहमीची गोळी, जी त्या दिवशी घ्यायचीच नव्हती, ती घेऊन शाळेत आले. सर गेल्यावर वहिनी डॉक्टरांना फोन लावत बसल्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते.

बँड सुरू झाला, पहिली तुकडी निघाली आणि सर खाली कोसळले. ओरडले नाहीत, काही नाही. उभा ठेवलेला पाट आडवा व्हावा तसे. मुलांना आधी वाटलं, काहीतरी दाखवतायत. मी पोचले तेव्हा अंग गार आणि घामानं भिजलेलं, नाडी लागत नव्हती. गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "आज तरी नव्हती घ्यायची." मी वर पाहिलं नाही. सरांनी ऐकलं असावं असं मला अजून वाटतं, कारण त्यांचे ओठ हलले.

गणिताच्या सरांच्या गाडीतून जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं.

"यांना आधीपासून काही आजार?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही हो. उलट हल्ली तब्येत सुधारली होती त्यांची."

"काही औषध चालू आहे का? सर, ऐकू येतंय का? कुठली गोळी घेता?"

सरांनी डोळे किलकिले केले. "माझं," ते म्हणाले, "राहू द्या." तळवा उचलायला गेले आणि तो उचलला गेला नाही.

"ग्रंथींचा आजार आहे," मी म्हटलं. "बुरशीवरची गोळी असते, ती चालू आहे. पण बुरशीसाठी नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही सांगत बसण्याऐवजी वहिनींना फोन लावला आणि तो सरळ त्यांच्या कानाला लावला. फोनमधून वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "त्यांना विचारत नका बसू, ते नाही सांगणार. त्या ग्रंथी दाबलेल्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आधी द्या आणि सलाईन लावा. मी निघाले." डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि नर्सला हाक मारली.

इंजेक्शन गेलं, सलाईन सुरू झालं. साखरही उतरली होती, तीही दिली. मग आम्ही बाहेर बसून होतो. गणिताचे सर आपल्या बुटांकडे पाहत होते. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या आणि दारातच उभं राहून, मोकळ्या आवाजात त्यांनी आम्हाला सगळं समजावलं: आजार काय, गोळी काय, ती मूळची कशावरची, आणि वजन का उतरलं होतं. "तो धोक्याचा इशारा होता. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" दार उघडं होतं. आत सर जागे झाले होते.

लक्षात आलं होतं, सगळ्यांच्याच. आम्ही अभिनंदन केलं होतं.

मी आत गेले. सरांचं तोंड भिंतीकडे होतं.

"सगळ्यांना कळलं?"

"कळलं."

"गोळी कशावरची आहे ते पण?"

"ते पण."

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. थोड्या वेळानं भिंतीलाच विचारलं, "संचलन झालं का?"

"झालं."

"शेवटची रांग वाकडी गेली असेल."

वहिनी आल्या त्या डोळ्यांत पाणी न आणता आल्या. सरांच्या कपाळावर हात ठेवला, डॉक्टरांशी बोलल्या, मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरवलं. रुग्णवाहिकेची वाट पाहताना त्या व्हरांड्यात माझ्याजवळ उभ्या राहिल्या. "मी रोज म्हणून राहिले होते, बाई. फोन करा, फोन करा. जेवण जात नाही, उभं राहवत नाही. ते म्हणायचे, करतो. मग एक दिवस म्हणाले, फोन केला की गोळी कमी करतील. मग तो चेहरा परत येईल. तो चेहरा घेऊन शाळेच्या गेटातून आत जाताना काय होतं, तुला नाही माहीत." त्यांनी पदर नीट केला. "इतक्या वर्षांनी त्यांना कोणी चांगलं म्हणत होतं. ते कसं बंद करू, मलाही समजेना."

सर वाचले. गोळ्या थांबवल्या, नंतर पुन्हा अगदी कमी मात्रेवर सुरू केल्या. महिन्याभरानं ते शाळेत आले तेव्हा चेहरा पहिल्यापेक्षा थोडा गोल दिसत होता. त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एकच अट घातली होती. शाळेत स्वतः सांगायचं, दुसऱ्या कोणाकडून नाही.

मधल्या सुट्टीत सर स्टाफरूमच्या मधोमध उभे राहिले. हात पाठीमागे, विश्रामाच्या स्थितीत. कोणाच्याही चेहऱ्याकडे न पाहता, घड्याळाच्या वर कुठेतरी पाहत ते बोलले. आजाराचं नाव सांगितलं. गोळीचं सांगितलं. "मूळची नायट्याची आहे," हेही म्हणाले, आणि तिथे जरा थांबले. कोणी हसलं नाही. मग त्यांनी एक छोटं पाकीट मोठ्या बाईंपुढे ठेवलं. "यात इंजेक्शन आणि चिठ्ठी आहे. मला उलट्या झाल्या, चक्कर आली, मी बरळायला लागलो, तर विचारपूस करत बसायचं नाही. बायकोला फोन आणि हे पाकीट घेऊन दवाखाना. मी बारीक दिसायला लागलो तर..." त्यांना पुढचं सुचेना. "तर कृपा करून मला चांगलं म्हणू नका."

गणिताचे सर चष्मा पुसत म्हणाले, "आणि आपण 'माझं राहू द्या' म्हणालात तर?"

"तर ऐकायचं नाही," सर म्हणाले.

आमच्याकडे कोणी कोणाची माफी मागत नाही. पण वर्षाच्या सहलीला ते पाकीट गणिताच्या सरांच्या खांद्याच्या पिशवीत होतं, आणि त्यांनी ती पिशवी बसमध्ये वर न ठेवता मांडीवर धरली होती.

याचा अर्थ सरांचा संकोच गेला असं नाही. बैठका दाखवायला ते एखाद्या मुलाला पुढे बोलवायचे. जिन्यात कोणी समोरून आलं की अंग चोरून भिंतीला लागायचे. सांगितल्यानं लाज जाते असं मला वाटत होतं. सरांकडे पाहिल्यावर कळलं की ती जात नाही, फक्त तिला घेऊन बाहेर पडता येतं.

पुढच्या वर्षी वहिनींची बदली नागपूरला झाली. त्या आधी गेल्या आणि सर वर्ष संपेपर्यंत इथे राहिले. निघण्यापूर्वी एकदा त्यांना पुण्याच्या डॉक्टरांना भेटून कागद न्यायचे होते. एकट्यानं यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणून मी बरोबर गेले.

बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. आमच्या समोर एक मुलगी एकटीच बसली होती, कॉलेजातली असावी. पुण्यातल्या मुली स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ तिनं पूर्ण तोंडाला बांधला होता, आणि आत येऊन कितीतरी वेळ झाला तरी सोडला नव्हता. फक्त डोळे दिसत होते. हातात गोळ्यांची पट्टी होती. सरांनी ती पट्टी ओळखली. मला कोपरानं दाखवली.

ते बराच वेळ चुळबुळत होते. मग उठून तिच्या बाकावर, मध्ये चांगली जागा सोडून बसले.

"ताई, मीपण हीच गोळी घेतो," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. मुलीनं पट्टी मुठीत घेतली. "एक विचारतो, राग मानू नका. मळमळतं का हल्ली?"

तिनं स्कार्फ नाकावर आणखी वर ओढला.

"उभं राहिलं की अंधारी?"

डोळे वर आले.

"आणि घरचे म्हणतात, छान बारीक झालीस?"

मुलीनं मान हलवली. हो म्हणून.

सर उठले. आयुष्यभर रांगा सरळ करणारा हा माणूस रांग मोडून सरळ जाऊन डॉक्टरांच्या बंद दारावर ठोकायला लागला. आतून नर्स चिडून बाहेर आली. "काका, नंबर आहे ना तुमचा?"

"माझा नाही," सर म्हणाले. "हिला आधी घ्या. आत्ता. हिचं प्रेशर बघा."

आवाज मैदानावरचा होता. रांगेतले सगळे वळून बघायला लागले. नर्सनं मुलीकडे पाहिलं, तिच्या दंडाला धरून उठवलं. "आधी हे सोड बरं, चेहरा बघू दे." मुलीचे हात गाठीपाशी अडखळले. नर्सनंच गाठ सोडली, स्कार्फ ओढून काढला, आणि काय करायचं ते न सुचून समोर उभ्या असलेल्या सरांच्या हातात दिला. सगळ्या रांगेसमोर मुलीचा चेहरा उघडा पडला. सरांनी चटकन नजर भिंतीकडे वळवली. मुलगी आत गेली, दार लागलं.

सर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचे कान लाल झाले होते. मांडीवर तो परका, फुलाफुलांचा स्कार्फ होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"इतक्या लोकांसमोर नको होतं ना करायला, बाई?" त्यांनी विचारलं.

ते दाराकडे पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्या स्कार्फची एक एक घडी घालायला लागले.